डाव्या पंखाची शिवण

मी, श्रीमती शालिनी शांताराम वऱ्हाडपांडे, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार आनंद नगर, रायसेन रोड, भोपाळ, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, डोळे चष्म्यासकट चांगले आहेत, आणि कोणी धाक घातला किंवा गोड बोललं म्हणून मी लिहायला बसलेली नाही. सन २०११ मध्ये मी एक दोन पानी मृत्युपत्र केलं होतं. ते आजपासून रद्द समजावे. त्यात घरातल्या कळशीपर्यंत सगळं लिहिलं होतं, फक्त एक गोष्ट सोडून. ती या कागदात आहे.

आमचे वकील आशिष खापरे यांचं म्हणणं, "काकू, थोडक्यात लिहा, मुद्द्याचं लिहा." मुद्दा काय ते मला ठरवू द्या, असं मी त्यांना सांगितलं आहे. लिहायला सुरुवात सोमवार, दिनांक १६ फेब्रुवारी २०२६. येत्या रविवारी, २२ तारखेला, माझी नात तन्वी आमचं हंसिनी हे विमान उडवणार आहे. माझ्या हातात सहा दिवस आहेत, म्हणून अक्षर जरा पळतंय.

कलम १. आनंद नगरचं घर, वरच्या दोन खोल्या आणि मागच्या आवळ्यासकट, माझा मुलगा हर्षल आणि सून गौरी यांना सारख्या हिश्श्याने देत आहे. गौरीचं नाव मुद्दाम घातलं आहे. हर्षलला मी जन्म दिलाय, त्यामुळे त्याला मी ओळखते. गाडी लावायला जागा हवी म्हणून त्याचा त्या आवळ्यावर डोळा आहे. झाड तोडायचं असेल तर गौरीची लेखी परवानगी घ्यावी.

कलम २. बँकेत आणि पोस्टात जे काही निघेल ते त्याच दोघांना. माझ्या पाटल्या गौरीला. माझी नणंद वसुधा हिने एकोणऐंशी साली तांब्याचा बंब "दोन दिवसांसाठी" म्हणून नेला. तो परत मागू नये. पण तिच्या घरी गेलं की सगळ्यांनी एकदा त्या बंबाकडे नीट बघावं आणि काही बोलू नये. एवढं पुरे आहे.

कलम ३. माझे यजमान कै. शांताराम यांची हत्यारपेटी बाळूला द्यावी. बाळू हा मंडीदीपच्या शेडवरचा फिटर. गेली सोळा वर्षं त्याने हंसिनीवर धूळ बसू दिली नाही आणि कधी पगारवाढीबद्दल तोंड उघडलं नाही, म्हणजे एकतर तो भला माणूस आहे किंवा मुखदुर्बळ. पेटीच्या वरच्या कप्प्यात पितळी स्क्रूंचा एक डबा आहे. तो मात्र बाळूला देऊ नये. तो कलम सहामधल्या माणसाचा आहे.

कलम ४. माझ्या दोन लांब सुया, मेणाचा गोळा आणि बोटात घालायचं अंगुस्तान कोणालाच देऊ नये. माझ्याबरोबर चितेवर ठेवावं. लोखंड जळत नाही हे मला कळतं. राख भरताना बाजूला काढून टाकून द्यावं. तन्वीने ते मागितलं होतं, काचेच्या पेटीत ठेवायला. तिला देऊ नये. का, ते पुढे आहे.

कलम ५. आता हंसिनी.

दोन इंजिनांचं, लाकडी सांगाड्याचं, सहा खुर्च्यांचं हे विमान सन १९३६ मध्ये इंग्लंडातल्या एका लहानशा कारखान्याने सोनगढी संस्थानच्या थोरल्या राजेसाहेबांसाठी बांधलं. लाकडी पेट्यांत भरून बोटीने मुंबईला आलं. आत अक्रोडाच्या लाकडाची तक्तपोशी, गर्द निळ्या कातड्याच्या खुर्च्या, रेशमी पडदे, घडीचं लिहायचं टेबल, चांदीचे पेले अडकवायच्या कड्या, आणि शेपटीकडे हात धुवायला चिनी मातीचं भांडं. माझे सासरे छप्पन साली नागपूरच्या सचिवालयाबरोबर भोपाळला आले, सरकारी क्वार्टरात दोन खोल्या मिळाल्या म्हणून खूश होते. आणि त्यांचा मुलगा असल्या विमानाचा मेकॅनिक! त्रेसष्ट साली लग्न होऊन मी आले तेव्हा यांनी मला ते दाखवायला नेलं. मी खुर्ची पदराने पुसून मग बसले. हे हसायला लागले. "अगं, राजे बसतात तेव्हा ते पुसत नाहीत," म्हणाले.

अशी अकरा विमानं बांधली गेली होती. यांनी त्या अकरांची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती, आणि परदेशातून कुणाचं पत्र आलं की त्यातलं एक नाव खोडत. एक समुद्रात गेलं. दोन युद्धात जळली. पाच भंगारात मोडली. एक वादळात उलटलं. युद्धात इकडच्या सरकारने खाजगी विमानं ताब्यात घेतली, तेव्हा थोरल्या राजेसाहेबांनी हंसिनीचे दोन्ही प्रोपेलर धान्याच्या कोठारात पुरले आणि विमान नादुरुस्त आहे असं कळवून टाकलं. तपासायला आलेला गोरा साहेब तसा शेरा मारून, जेवून गेला. त्यामुळे हंसिनी वाचली. लोक ही गोष्ट हसत हसत सांगतात. पुढे ती कशी वाचली, ते मात्र माझ्याशिवाय आज कोणालाच माहीत नाही.

अठ्ठ्याण्णव साली ऑस्ट्रेलियातून पत्र आलं. हंसिनी सोडून शेवटचं उरलेलं, दहावं विमान एका प्रदर्शनात उडवलं होतं. डावा पंख मुळापासून तुटला. दोन माणसं गेली. यांनी पत्र वाचलं, नाव खोडलं, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं. आम्ही दोघंही एका शब्दाने बोललो नाही, कारण बोलण्यासारखं जे होतं ते दोघांनाही ठाऊक होतं.

कलम ६. हे कलम कॅप्टन हेमंत सबनीस यांचे चिरंजीव निनाद सबनीस, राहणार कोलार रोड, यांच्यासाठी आहे.

त्र्याहत्तरचा पावसाळा. सोनगढीच्या शेडचं छप्पर गळायचं, आणि धार नेमकी डाव्या पंखाच्या मुळावर. दिवाळीनंतर धाकट्या राजेसाहेबांच्या बहिणीचं लग्न ठरलं. हुकूम सुटला, विमान नवंकोरं दिसलं पाहिजे. असल्या विमानाच्या पंखावर पत्रा नसतो, कापड असतं. लिननचं कापड ताणून लाकडावर शिवायचं आणि वरून लुकण, म्हणजे कापड ताठ करणारं रोगण, द्यायचं. शिवणारा जुना शिंपी गावी निघून गेला होता, आणि माझा हात चांगला होता. यांनी मला शिकवलं. इंचाला आठ टाके, दोरा मेणात ओढलेला. आणि एक नियम. पंख शिवून बंद करण्याआधी मेकॅनिकने आतलं लाकूड तपासायचं आणि वहीत सही करायची. सही झाल्याशिवाय सुई लावायची नाही. आत शेवटचं बघते ती शिवणारी, तिच्यानंतर वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. हे यांचेच शब्द.

डाव्या पंखाच्या मुळाशी बसले आणि मला वास आला.

"अहो, इथे वास येतोय."

"कसला?"

"दुधाचं पातेलं घासायचं राहिलं की येतो तसला."

हे लगबगीने आले. त्या काळी पंखाचा भार पेलणारी मोठी लाकडी तुळई दुधाच्या चोथ्यापासून केलेल्या सरसाने जोडत. कोरडा राहिला तर तो सरस माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकतो. ओल लागली की नासतो. यांनी सांध्यावर अंगठ्याचं नख दाबलं. नख आत गेलं. पिवळट भुकटी बाहेर आली, ती यांनी विजारीला पुसली.

"नवी तुळई घालायला तीन महिने लागतील," म्हणाले. लग्न नऊ दिवसांवर होतं. हे कारभाऱ्यांकडे जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं ते मला कधी सांगितलं नाही. आल्यावर यांनी सांध्याच्या पुढून एक नवी फळी बसवली, पितळी स्क्रू आवळले, वर लुकण दिलं. काम इतकं सुबक की बघत राहावं. आत सडलेलं तसंच, वर नवी फळी. मग मला म्हणाले, "शिव."

"सही?"

"करतो नंतर. तू शिव."

मी शिवलं. टाके सगळे सरळ पडले. तितकी सुंदर शिवण मी आयुष्यात पुन्हा घातली नाही. संध्याकाळी यांनी वहीत लिहिलं, "आतून तपासले, योग्य," आणि सही केली.

लग्नानंतर चौथ्या दिवशी हंसिनीचे वैमानिक कॅप्टन सबनीस राजेसाहेबांना आणि दोन पाहुण्यांना घेऊन निघाले. अर्ध्या तासात परत उतरले. पाहुण्यांना वाटलं काही विसरलं. सबनीस थेट दिवाणखान्यात आले आणि म्हणाले, "वळवताना डावा पंख हलतोय. उघडून बघितल्याशिवाय मी हे विमान उडवणार नाही."

हे तिथेच उभे होते. हे म्हणाले, "पंख मी स्वतः तपासलाय. वहीत सही आहे." आणि मग, राजेसाहेबांकडे बघून, हळूच, "लग्नघर आहे सरकार, रात्री सगळ्यांचंच जरा जास्त झालं."

सबनीस चहासुद्धा अर्धा कप घेणारा माणूस हो! त्यांचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. मी दाराशी उभी होते. पंख कोणी शिवलाय ते त्यांना माहीत होतं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगा. आत काही दिसलं होतं का?"

मी म्हटलं, "मला त्यातलं काय कळतं?"

बस. एवढंच. त्याच महिन्यात त्यांना काढलं. दारू पिऊन विमान चालवतो असा बोभाटा झाला आणि मग कोणी त्यांना कामावर ठेवलं नाही. पुढे ते महाराणा प्रताप नगरात एका क्लासमध्ये पोरांना गणित शिकवायचे. एकदा भाजीबाजारात समोर आले. त्यांनी नमस्कार केला, मी भेंडी निवडत राहिले. एक्क्याण्णव साली ते गेले. यजमानांनी केलं ते भीतीपोटी केलं. मी केलं ते नवऱ्यासाठी. पण दिवाणखान्यात मला विचारलं गेलं होतं, यांना नाही.

सबब, त्र्याहत्तर सालची तपासणीची वही आणि उरलेल्या पितळी स्क्रूंचा डबा निनाद सबनीस यांना द्यावा, आणि हे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवावं. तुमचे वडील शुद्धीत होते, ते बरोबर होते, आणि आम्हा नवराबायकोला ते माहीत होतं. माफी मागायचं माझं तोंड नाही, म्हणून मागत नाही.

त्यानंतर यांनी हंसिनीला उडू दिलं नाही. कधी एक सुटा भाग मिळेना, कधी टायर मिळेना, कधी इंजिनाचा आवाज आवडेना. दहा वर्षं कारणं दिली. राजेसाहेब कंटाळले, आणि गॅसकांडाच्या आदल्या वर्षी वारले. राणीसाहेबांनी लेखी पत्र करून विमान यांच्या नावे केलं, "तुमच्याइतकी काळजी हिची कोणी घेतली नाही," म्हणून. ते पत्र वाचून हे हुंदके देऊन रडले. राणीसाहेबांना वाटलं, प्रेमाने. पंख उतरवून दोन ट्रकांतून हंसिनी मंडीदीपच्या शेडवर आली. अकरांपैकी दहा संपली आणि ही राहिली, ती आमच्या खोटेपणामुळे राहिली. दर रविवारी हे तिकडे जाऊन पुसपास करायचे. पंख उघडून दुरुस्त करायचं धैर्य मात्र झालं नाही. उघडला की सही उघडी पडणार. दोन हजार नऊ साली हे गेले, आणि विमान वारसाने माझ्याकडे आलं.

कलम ७. पाच वर्षांपूर्वी तन्वीने हट्ट धरला. ती स्वतः विमान कंपनीत वैमानिक आहे, अठ्ठावीस वर्षांची, बापासारखी हेकट आणि आजोबांसारखी हाताने हुशार. तिने अंबरीश पुराणिक या निवृत्त विमान अभियंत्याला गाठलं. इंजिनं उघडली, चाकं नवी केली, उजव्या पंखाचं कापड फाडून लाकूड तपासलं, नवं कापड चढवलं. मी म्हणत होते, कशाला उडवता, आहे तशी राहू द्या. तर म्हणे, "आजी, यू आर सो निगेटिव्ह! बिलकुल टेन्शन नको घेऊ."

डाव्या पंखाचंही कापड बदललं. फक्त मुळाजवळचा दीड हाताचा तुकडा ठेवला, का, तर त्यावर माझी शिवण. तन्वी म्हणाली, "ही माझ्या आजीच्या हातची आहे, हिला कोणी हात लावायचा नाही." अंबरीशने तारेवरचा बारीक कॅमेरा भोकातून आत घातला. त्याला यांची ती नवी फळी दिसली. पितळी स्क्रू, लुकण, सगळं चकचकीत. "काका म्हणजे खरे कारागीर," तो म्हणाला आणि त्याने सही केली. महाराणा प्रताप नगरातल्या एका वर्तमानपत्राचा माणूस आला आणि त्याने "आजीचे टाके" असा लेख छापला. फोटोत मी पंखावर हात ठेवून उभी आहे.

त्या दिवशी मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. साठ वर्षं स्वयंपाकघरात काढलेल्या बाईच्या हातकामाचा कोणी फोटो काढला नव्हता. मी नवी साडी नेसून गेले होते. हे लिहायला मला शरम वाटते, पण ते खरं आहे.

सबब, हंसिनी हे विमान, सर्व सामान, कागद आणि नावासकट, मी माझी नात तन्वी हर्षल वऱ्हाडपांडे हिला देत आहे. अट एकच. माझी शिवण उसवून, फळी काढून, आतली तुळई डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते जमिनीवरून एक वीतही उचलू नये.

कलम ८. वरचं सगळं मंगळवारी आशिषला वाचायला दिलं. तो भराभर वाचत होता, मग सावकाश वाचायला लागला. मग त्याने चष्मा काढला.

"काकू, उड्डाण रविवारी आहे ना?"

"हो."

"मृत्युपत्रातली अट तुमच्या पश्चात लागू होते. रविवारी तुम्ही असणार. मग ही अट कोण वाचणार?"

मी कागदांच्या कडा जुळवत बसले.

"आज विमान तुमचं आहे. तुम्ही नुसता फोन करून सांगितलंत तरी थांबेल. हे कागदावर कशाला?"

मला कळत नव्हतं असं नाही. मला हे सांगायचं होतं, पण सांगताना मला तिथे असायचं नव्हतं. मी मेल्यावर त्यांनी वाचावं, मग काय रागवायचं ते फोटोवर रागवावं. स्वतःची अब्रू वाचवायला मी नातीचा जीव टांगून ठेवला होता, आणि वर त्याला कलम क्रमांक दिला होता. आशिष अजून वाट बघत होता. मी म्हटलं, "उद्या मला मंडीदीपला पोचव."

कलम ९. हे कलम बुधवारी, १८ तारखेला, शेडवरून आल्यावर लिहीत आहे.

शेडवर तन्वी, अंबरीश, हर्षल आणि बाळू होते. हंसिनी पुसून लख्ख उभी. मी तन्वीला सांगितलं, मला हा तुकडा उसवायचाय. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

"आजी, पागल झालीस का? चार दिवस राहिलेत!"

"कात्री दे."

अंबरीश म्हणाला, "काकू, हा ठेवा आहे हो. आणि आत आम्ही बघितलंय. काकांची दुरुस्ती एकदम पक्की आहे."

"काकांची दुरुस्ती मला माहीत आहे. मी तिथे होते."

हर्षल म्हणाला, "आई, घरी चल. ऊन लागलंय तुला." मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाळूने मात्र काही न विचारता कात्री आणून हातात दिली. टाके सुटता सुटेनात. पन्नास वर्षांनी दोरा तसाच ताठ. मला स्टुलावर बसून अर्धा तास लागला. कापड बाजूला झालं, बाळूने फळीचे स्क्रू सोडवले, आणि तो वास आला.

तन्वीने पुढे होऊन पेचकस तुळईवर ठेवला. जोराने दाबला नाही, नुसता टेकवून थोडा भार दिला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. तिने तो बाहेर काढला, पुन्हा एक वीत अंतरावर ठेवला. तिथेही मुठीपर्यंत गेला. खाली सगळी भुकटी पडली होती. अंबरीश एकदम खालीच बसला. "मी सही केलीय," एवढंच दोनदा म्हणाला.

मला वाटलं तन्वी ओरडेल. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजी, आम्ही दोनदा उडवलंय."

मला आधी समजलंच नाही.

"जानेवारीत. चाचणीसाठी, परवानगी घेऊन. तुला सरप्राइज द्यायचं होतं म्हणून बोललो नाही. दुसऱ्यांदा बाबा पण बसले होते मागे."

मी हर्षलकडे बघितलं. तो पंखाकडे बघत होता. माझा एकुलता एक मुलगा आणि त्याची एकुलती एक मुलगी, दोघं त्या भुकटीच्या भरवशावर वर गेले होते, आणि त्या दिवशी मी इथे आनंद नगरात अंगणात बसून आवळे किसत असेन. बाळूने मला खांद्याला धरून बसवलं.

"तुला केव्हापासून माहीत होतं?" तन्वीने विचारलं.

"त्र्याहत्तरपासून."

"आणि तू फोटो काढून घेतलास."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? नंतर मी हे सगळे कागद तिच्या हातात दिले. ती विमानातल्या पहिल्या खुर्चीत जाऊन बसली आणि शेवटपर्यंत वाचून मगच बाहेर आली. रविवारचं उड्डाण रद्द झालं आहे. घरी आल्यावर गौरीने विचारलं, काय झालं, आणि हर्षल आंघोळीला निघून गेला.

कलम १०. आज गुरुवार. सही करायला आशिषच्या महाराणा प्रताप नगरातल्या ऑफिसात आलो. दोन साक्षीदार लागतात. एक आमचे शेजारी समीर बोधनकर. दुसरा बाळू ठरला होता, पण त्याला हत्यारपेटी मिळणार असल्यामुळे चालत नाही असं निघालं. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याने साक्ष घातली, तर त्याला दिलेलं रद्द होतं, असा कायदा. आशिष खालच्या दुकानातून कोणालातरी बोलवायला उठला. तन्वी दाराशी उभी होती. कालपासून ती माझ्याशी बोललेली नाही. ती म्हणाली, "मी करते."

"तन्वी, ऐकलंस ना? विमान जाईल तुझं," आशिष म्हणाला.

"ऐकलं. पेन द्या."

आशिषने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, हवं तर कलम सात बदलू, दुसऱ्या कोणाचं नाव घालू. मी नको म्हटलं. तिचं नाव मी खोडणार नाही. खाली तिची सही झाल्यावर त्याला अर्थ उरणार नाही हे मला समजतं. मग ते हर्षलकडे जाईल, त्याने काय करायचं ते करावं. माझ्याकडून ते तिचंच आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी आशिष खापरे यांनी करावी. यात जे लिहिलं आहे ते मी वाचून पाहिलं आहे, ते माझंच आहे, आणि यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. दोन्ही साक्षीदारांच्या देखत, पूर्ण शुद्धीवर, सही करत आहे.

स्थळ: भोपाळ
दिनांक: १९ फेब्रुवारी २०२६

(सही) शालिनी शांताराम वऱ्हाडपांडे

साक्षीदार १: समीर बोधनकर, शिक्षक, राहणार आनंद नगर, भोपाळ. श्रीमती शालिनी यांनी माझ्यासमोर सही केली.
(सही)

साक्षीदार २: तन्वी हर्षल वऱ्हाडपांडे, वैमानिक, राहणार आनंद नगर, भोपाळ. आजीने माझ्यासमोर सही केली. कागद मी पूर्ण वाचला आहे. कलम सहा मी काल संध्याकाळी निनाद सबनीस यांना फोनवर वाचून दाखवलं. ते रविवारी सकाळी आठ वाजता येत आहेत. आजीने घरी असावं.
(सही)